बंद म्हणजे कुलूप न्हवं

तात्या हिंगण्यांना आमच्या कारखान्यात सगळे भित्रे म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तात्या विजेला घाबरायचे, लिफ्टला घाबरायचे, उसाच्या ट्रॅक्टरला घाबरायचे, लग्नातल्या मठ्ठ्याला घाबरायचे. पण सगळ्यात जास्त घाबरायचे ते बाटलीला. भरलेल्या, झाकण लावलेल्या, फळीवर गुपचूप बसलेल्या बाटलीला. आणि गंमत अशी की बाटल्यांची झाकणं तयार करणं हाच त्यांचा उभ्या जन्माचा धंदा होता.

आमचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. डोक्यावर दाबलं की नळीतून पिचकन द्रव बाहेर येतो, तसल्या पंपाच्या बाटल्या आम्ही करतो. साबणाच्या, शाम्पूच्या, जनावरांच्या औषधाच्या. तात्या तिथल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या खोलीत होते. शिक्षण आयटीआयचं, मूर्ती बुटकी, चष्मा जाड, आणि खिशाला पेनाच्या जागी एक बारकी कानस. नवं झाकण कसं असावं याची चित्रं इंजिनियर पोरं संगणकावर काढायची, पण साचा कापायला घेण्याआधी ते तात्यांच्या हातातून जायचं. तात्या चित्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. नमुना हातात घ्यायचे आणि विचारायचे, "दात लावून बघितलं का?"

विचारून थांबायचे नाहीत. स्वतः दात लावायचे. समोरच्या दोन दातांचे तुकडे याच कामात उडाले होते. "पोरगं काय पाना घिऊन बसतंय व्हय?" ते म्हणायचे. "त्याच्याकडं दात हायती आणि सगळा दिवस मोकळा हाय." मग तेलाचे हात करून बघायचे, साबणाचे हात करून बघायचे, अंगणातली माती कालवून चिखलाचे हात करून बघायचे. शेवटी लॅबच्या फरशीवर चक्क रांगायचे. रांगणाऱ्या पोराला टेबलाखालची बाटली कशी दिसते, हे त्यांना बघायचं असे. एकदा बाहेरगावचे पाहुणे कारखाना बघायला आले आणि पन्नाशी उलटलेला माणूस टेबलाखालून बाहेर येताना बघून दचकले. तात्यांनी गुडघे झाडले, नमस्कार केला आणि म्हणाले, "तितनं लई सोपं दिसतंय."

मी क्वालिटी विभागात लागले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक बाटली ठेवली. "उघडा, मॅडम." मी उघडली. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या दाण्यांची पाच किलोंची पिशवी आणून माझ्या कमरेवर दिली. "आता कडंवर पोर हाय, ते रडतंय, आणि चुलीवर दूध हाय. उघडा." मी एका हाताने धडपडले, पिशवी घसरली, दाणे फरशीभर झाले. आजूबाजूचे सगळे कामगार हसत होते. मीही हसले. तात्या मात्र खाली बसून दाणे गोळा करत म्हणाले, "आता बंद करा. उघडतंय समदंच. बंद कोण करतंय ते मला सांगा."

मी इथल्याच कन्हेरी गावची. घरी आम्हीही असंच बोलतो, पण कामावर मी शुद्ध बोलायचा आटापिटा करायचे. तात्यांसमोर तो फार वेळ टिकत नसे. ते मला चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि घाबरले की पोरी म्हणायचे. त्यामुळे दिवसात निम्म्याहून जास्त वेळा मी पोरीच असे.

त्यांची टिंगल व्हायची. चहावाला विचारायचा, "तात्या, कपाला कुलूप लावून देऊ का?" तात्या शांतपणे सांगायचे, "लाव बाबा. गरम हाय." ते इंदापूरला राहायचे, रोज एसटीने येऊन-जाऊन करायचे. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरात कमरेच्या खाली एकही बाटली नाही, एकही डबा नाही. सगळं छताला भिडलेल्या फळीवर. काकू स्टुलावर चढून साखर काढताना म्हणाल्या, "हितं च्या करायचा म्हंजी सर्कस हाय. आनि घरात ल्हान पोर म्हणशील तर येक न्हाय. पोरं कवाच पुण्याला गेली."

तात्यांच्या या भीतीमागे काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. कुणी म्हणे त्यांची बहीण लहानपणी रॉकेल प्याली, कुणी म्हणे पुतण्या. मी एकदा धीर करून विचारलं.

"माझ्या घरी काय न्हाय झालं," ते म्हणाले. "कायबी न्हाय. झाल्यावर समदेच भित्यात, पोरी. त्यात काय हाय? होयाच्या आधी कुनी तरी भ्यायला नगो का?"

मला वाटतं, मी तात्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या दिवशी घरी जाऊन मी मोरीतलं फिनेल उचलून माळ्यावर ठेवलं. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. सासूबाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. आणि खरंच काही झालेलं नव्हतं, पण रात्री उठून मी माळ्यावरची बाटली पुन्हा एकदा बघून आले. तात्यांच्या भीतीची लागण व्हायची, ती अशी.

मग आमच्याकडे एका कंपनीचं मोठं काम आलं. तणनाशकाची बाटली हवी होती, पंपाची. शेतकऱ्याने टोपणात मोजत बसायला नको, डोकं दोनदा दाबलं की फवारणीच्या टाकीपुरतं औषध पडलं पाहिजे. बाटली देखणी हवी, पंप हलका हवा. आता तणनाशक म्हणजे सरळ विष. आमच्या साबणाच्या बाटल्यांसारखं ते नव्हतं. तात्यांनी चार महिने त्या पंपाच्या डोक्यावर काढले. डोकं खाली दाबायचं, उजवीकडे फिरवायचं, टक्क असा आवाज येईल तेव्हा ते अडकतं आणि मग कितीही दाबलं तरी थेंब येत नाही. तो टक्क आवाज नीट यावा म्हणून त्यांनी आतला बारका दाता किती वेळा घासला असेल, देव जाणे. डोक्यावर बाण आणि दोन शब्द कोरले होते. एका बाजूला 'चालू', दुसऱ्या बाजूला 'बंद'. कंपनीने ते मंजूर केलं आणि साचाही कापून झाला.

"आता बायकांच्या हातात दिऊन बघू," तात्या म्हणाले. त्यांच्या एसटीच्या वाटेवरच सणसर लागतं. तिथल्या सुरेखाबाईंना ते ओळखत होते. ऊस, थोडी भाजी, दोन म्हशी असं त्यांचं घर. त्यांच्या अंगणात दहा बायका गोळा झाल्या. आम्ही दहा बाटल्या नेल्या होत्या, आत साधं पाणी. तात्यांनी सगळं समजावून सांगितलं. दाबा, फिरवा, टक्क. बायकांनी माना डोलावल्या. शेजारच्या विहिरीवर मोटर चालू होती, पाट वाहत होता, त्या आवाजावर तात्या ओरडून म्हणाले, "सुरेखाबाई, आता पंप बंद करून दावा बरं!"

"व्हय की," म्हणत सुरेखाबाई उठल्या, पदर खोचला आणि विहिरीकडे निघाल्या. थोड्या वेळात मोटर थांबली. पाट थांबला. त्या परत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

आधी एकजण फसकन हसली. मग हशा पिकला. सुरेखाबाई बिचाऱ्या गोंधळल्या. "तुमीच म्हनला न्हवं पंप बंद करा? मला वाटलं आवाजाचा तरास होतोय तुमास्नी."

त्यांचं काय चुकलं होतं? आमच्याकडे विहिरीवरची मोटर म्हणजे पंप, पाठीवरचं फवारणीचं यंत्र म्हणजे पंप, आणि गाडीत तेल भरायचं तोही पंपच. बाटलीवरच्या बोटभर डोक्याला पंप म्हणायचं, हे आमच्या कारखान्यातल्या लोकांचं खूळ. तात्याही हसले. त्यांना मोकळं हसताना मी फार कमी पाहिलं आहे, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग त्यांनी हातातली बाटली पुढे केली. "ही बंद करा." सुरेखाबाईंनी नळीच्या तोंडाला लागलेला थेंब बोटाने पुसला आणि बाटली बाजूला ठेवली. "झाली." दुसरीनेही तेच केलं. तिसरीने डोकं एकदा दाबून सोडून दिलं. फिरवलं एकीनेही नाही.

"टक्क कुठं झालं?" तात्या म्हणाले.

"टक्क कशाला व्हाया पायजे? गळतंय का? न्हाय न्हवं? मग बंदच हाय की."

तात्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला रंग गेला. त्यांनी एकेकीला विचारलं, बंद म्हणजे काय? सगळ्यांचं उत्तर एकच. गळत नाही म्हणजे बंद. नळ गळत नाही, बंद आहे. दूध ओतू जात नाही, गॅस बंद आहे. एक म्हातारी तर म्हणाली, "कुनी उघडू ने म्हनून करत्यात त्याला बंद न्हाय म्हनत बाबा. त्याला कुलूप म्हनत्यात."

परतताना एसटीत तात्या खिडकीबाहेर बघत होते. "चाळीस वर्सं मी बंद करतोय," ते म्हणाले, "आनि बंद म्हंजी काय ते मला आज कळलं."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नव्हता. तात्या म्हणाले, शब्द बदला, 'कुलूप' कोरा. आणि नुसता शब्द नको, डोकं असं करू की हात सुटला की ते आपलं आपण अडकेल. कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडायचंच नाही. साहेब म्हणाले, साचा कापून झालाय तात्या, आणि शेतकऱ्याला काय 'बंद' वाचता येत नाही? पंधरा दिवस बाटल्या बायकांकडेच राहू द्या, सवय होईल.

म्हणून त्या दहा बाटल्या सणसरलाच राहिल्या. रोज वापरा, एवढं तात्या सांगून आले. तीच त्यांची चूक. आयुष्यात सगळ्याला घाबरलेला माणूस नेमका पाण्याला घाबरायचा विसरला.

पंधरा दिवसांनी आम्ही बाटल्या गोळा करायला गेलो. पहिल्या घरातली बाटली मोरीवर होती, तिच्यात भांडी घासायचा साबण. दुसरीत गोडं तेल. तिसरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीला लागून. तात्यांनी वास घेतला आणि हात मागे घेतला. जनावरांच्या गोचिडावरचं औषध होतं ते.

"ह्यात पानी हुतं ना?" तात्यांचा आवाज चिरकला.

"पानी काय पंपानं वापरायचं व्हय?" ती बाई हसली. "आमी काय येडं हाय का? तुमीच म्हनला रोज वापरा. चांगली बाटली हाय, वाया कशाला घालवायची?"

नऊ बाटल्या मिळाल्या. चारींत विषारी काहीतरी होतं, आणि नऊपैकी एकीचंही डोकं अडकवलेलं नव्हतं. दहावी सुरेखाबाईंकडे. त्यांच्या दाराला कुलूप, सगळं घर त्यांच्या माहेरच्या लग्नाला गेलेलं, उद्या येतील असं शेजारणीने सांगितलं. तात्या त्या बंद दारासमोर उभे राहून फोन लावत राहिले, पण लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टूलरूममधून त्यांनी सुरेखाबाईंना फोन लावला. मी शेजारीच होते.

"आलो की काल सांजच्यालाच," पलीकडून आवाज आला. "बाटली हाय की. औषध भरलंय तिच्यात."

"कसलं औषध?"

पलीकडे म्हैस ओरडली, भांडं पडलं आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना.

औषध. आता हा शब्द बघा. डॉक्टर देतो ते औषध, आणि उसावर मारतात तेही औषधच. पोराचा ताप जावा म्हणून पाजायचं ते औषध, आणि तण जळून जावं म्हणून फवारायचं ते औषध. आमच्या भागात कुणी कधी त्याला विष म्हणत नाही. विष हा शब्द फक्त कुणी ते प्यालं की वापरतात. मी इतकी वर्षं हा शब्द बोलत होते, पण नीट ऐकला तो त्या दिवशी.

"पोरी, गाडी काढ," तात्या म्हणाले.

तात्या माझ्या स्कूटीवर कधी बसले नव्हते. एसटीशिवाय त्यांनी कशावर जीव सोपवला नव्हता. त्या दिवशी ते मागे बसले आणि माझ्या पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. ऊसतोडीचे दिवस. पुढे दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मोळ्या रस्त्यावर आडव्या आलेल्या, बाजूने जायला वाट नाही. मी हॉर्न वाजवत होते आणि मागून तात्या बोलत होते. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"सुरेखाची पोरगी केवढी हाय?"

"चार वर्षांची असेल, तात्या."

"चार." माझ्या पर्सचा पट्टा ताणला. "चार वर्साच्या पोरीच्या अंगठ्यात तेवढा जोर असतोय. मी मोजलाय. स्प्रिंग आदी कडक हुती. मीच मऊ केली, म्हाताऱ्या मानसांच्या बोटांसाठी. मीच केली, पोरी."

मला माझी मुलगी दिसत होती. ट्रॅक्टरच्या बाजूने मी गाडी मातीत घातली, एकदा पडता पडता वाचलो. तात्यांनी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी त्यांना रस्त्याची भीती वाटलीच नाही, तेवढी जागाच उरली नव्हती.

अंगणात कुणी नव्हतं. ओट्यावर सुरेखाबाईंची परी बसली होती. बाटली दोन्ही गुडघ्यांत धरलेली. दोन्ही अंगठ्यांनी डोकं दाबायची, नळीखाली तळहात धरायची, आणि तळहात चाटायची. ओठ, हनुवटी, झग्याचा गळा, सगळं ओलं.

मी जागच्या जागी खिळले. तात्या मात्र पळाले. गुडघेदुखीचा तो माणूस ओट्यावर कसा चढला मला माहीत नाही. त्यांनी बाटली हिसकली, परीचा हात धरला आणि एक क्षणही न थांबता तिचा तळहात जिभेने चाटला.

लग्नातला मठ्ठा न पिणारा माणूस. आत काय आहे हे कळायला दुसरी वाट नव्हती आणि विचारत बसायला वेळ नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, माझ्या बाळंतपणातसुद्धा नाही.

"गोड हाय," तात्या म्हणाले.

गोठ्यातून सुरेखाबाई शेणाच्या हातांनी धावत आल्या. "आवं काय झालं? खोकल्याचं औषध हाय ते! सासऱ्यांचं. चमच्यानं सांडतंय, हात कापत्यात त्येंचे, म्हनून ह्यात वतलं. येक डाव सकाळी, येक डाव सांजच्याला."

मला हसू की रडू कळेना, बहुतेक दोन्ही झालं. पण खोकल्याचं औषधही लहान पोराने एवढं पिणं बरं नव्हे. बाटली दोन बोटं रिकामी झाली होती. परीला गाडीवर घेऊन आम्ही गावातल्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला तपासलं, झोप येईल म्हणाले, दुपारपर्यंत समोर ठेवून घेतलं. दुपारी ती उठली आणि तिने बिस्कीट मागितलं. सुरेखाबाईंनी तिला छातीशी धरून तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ढसाढसा रडल्या.

मला वाटलं, सुटलो. तात्या बाहेरच्या बाकावर बसले होते, दहावी बाटली मांडीवर. मी म्हटलं, "तात्या, देवाची कृपा."

"कडू असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

"काय?"

"कडू असतं तर तिनं परत हात लावला नसता. आता तिला कळलंय, ह्या डोक्यातनं गोड येतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. "ही बाटली दुकानात येनार हाय, पोरी. हीच. असलंच डोकं. तिच्या बापाच्या हातनं तिच्याच घरात येनार हाय."

त्यानंतर तात्या घरी जायचे ते फक्त झोपायला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, बाटलीच्या मानेवर बसणारी कडी. तिला आतून वाकडे दाते. एकदा बसली की बसली, मग पाना लावा, दात लावा, पंप निघत नाही. बाटली रिकामी झाली की कापून फेकायची, दुसरं काही भरायचं नाहीच. दुसरी गोष्ट, ते आपोआप अडकणारं डोकं. हात सोडला की टक्क. उघडायला दोन्ही हात लागायचे. तो नमुना त्यांनी कानशीने स्वतः घासून केला होता. परीएवढ्या मुलांच्या हातात देऊन बघितला. पोरं दमली, रडली, बाटली फेकून खेळायला गेली. तात्यांनी मला तो नमुना दाखवला तेव्हा ते घाबरलेले दिसत नव्हते. मी त्यांना तसं पाहिलं ते तेवढंच.

कंपनीने कडी लगेच घेतली. त्यांना त्यात दुसराच फायदा दिसला. रिकाम्या बाटलीत कुणी नकली माल भरून विकू शकणार नव्हतं. डोकं मात्र त्यांनी नाकारलं. शेतकऱ्याला एका हाताने वापरता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. 'कुलूप' हा शब्द तर त्यांना हसण्यासारखाच वाटला. औषधावर कुलूप लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकेल.

"बिचकू द्या की," तात्या म्हणाले. पण ते ऐकायला त्या खोलीत कुणी तयार नव्हतं.

माल सुटायच्या आधी एका कागदावर सही लागते. झाकण सुरक्षित असल्याची. ती सही नेहमी तात्यांची असे. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. "मी करनार न्हाय." बस, एवढंच. आरडाओरडा नाही, भाषण नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्यांना कुणी काय करणार होतं?

कागद माझ्याकडे आला.

आता मी खरं तेच सांगते. मला कुणी धमकी दिली नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, चाचण्या तुम्हीच केल्यात ना? काही कमी आहे का?" काही कमी नव्हतं. गळती नाही, तडा नाही, कडी निघत नाही, डोकं फिरवल्यावर टक्क अडकतं. कागदावर जेवढे रकाने होते तेवढे सगळे बरोबर भरत होते. सणसरच्या दहा बायकांपैकी एकीनेही ते फिरवलं नाही, हे लिहायला त्यावर रकानाच नव्हता. आणि मला नोकरी हवी होती. मी सही केली. सही नेहमीसारखी नीट आली.

टूलरूममध्ये गेले तेव्हा तात्या कानशी पुसून ठेवत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, त्यांना कळलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "च्या घेनार का, मॅडम?"

चारचौघांत म्हणायचे तसं मॅडम. आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.

बाटली दुकानांत आली. आता ती बारामतीत, इंदापुरात, खताच्या प्रत्येक दुकानात पहिल्या फळीवर असते. बांधावर दिसते, गोठ्यात दिसते. रस्त्याने जाताना कुणाच्या ओसरीवर दिसली की मी डोकं अडकवलंय का ते बघायला गाडी हळू करते. रस्त्यावरून ते दिसत नाही. तात्या निवृत्त झाल्यावर इंदापुरातल्या एका खतांच्या दुकानात जाऊन बसायला लागले, कुणी बोलावलेलं नसताना. कुणी ती बाटली घेतली की हे उठायचे, डोकं दाबून फिरवायचे, टक्क ऐकवायचे आणि म्हणायचे, "ह्ये बंद न्हवं. कुलूप हाय. लावत जा." दुकानदार कंटाळला होता, पण म्हाताऱ्याला उठवणार कसं?

अधूनमधून आमची भेट व्हायची. भेटले की तब्येत, पोरंबाळं, काही नाही. एकच प्रश्न. "फोन आला का?" म्हणजे कुठून वाईट काही कळलं का? मी म्हणायचे, नाही तात्या. ते म्हणायचे, बरं. खरं तर काही झालं तर फोन मलाच येईल असंही नाही. पण त्या कागदावर नाव माझं आहे, आणि अनोळखी नंबर दिसला की आजही उचलायच्या आधी मी मुलगी कुठे आहे ते बघते. त्याचा काही संबंध नाही, तरी बघते.

तात्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या उन्हाळ्यात, बारामतीच्या एसटी स्टँडवर. छातीचं दुखणं दाखवायला दवाखान्यात आले होते. अंगातला शर्ट मोठा झाला होता. हातात गोळ्यांची पिशवी, ती दोन्ही मुठींत गच्च धरलेली. इंदापूरची गाडी लागलेली होती. मी त्यांना हात देऊन वर चढवलं, खिडकीशी बसवलं आणि खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. ते विचारतील म्हणून मीच सांगितलं, "फोन आला नाही, तात्या."

त्यांनी ऐकलं. गोळ्यांची पिशवी मांडीवर ठेवून तिच्या तोंडाला गाठ मारली.

"आता मला नगो सांगत जाऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मी शोधला, पण नव्हता. "सही तुजी हाय, पोरी. इथनं फुडं भ्यायचं काम तुजं. मी लई दिस केलं."

मी काहीतरी बोलायला गेले. पण त्यांनी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. ड्रायव्हर अजून खालीच उभा राहून कुणाशी बोलत होता. माणसं चढत होती, कुणीतरी जागेवरून भांडत होतं. त्या गोंगाटात गाडी हलायच्या आधीच तात्यांना गाढ झोप लागली.